उन्हात राबणाऱ्यांनी ओळखून ठेवावी अशी जखम

पेरणीपासून मळणीपर्यंत शेतीचे एखादेच काम असे निघेल, की जे सावलीत बसून होते. कापूस वेचायचा तो उन्हात, भुईमूग उपटायचा तो उन्हात, ऊस तोडायचा तो उन्हात आणि वाळवण राखायचे तेही उन्हातच. त्यामुळे उन्हाने कातडीचा कॅन्सर होतो असे कोणी सांगितले, की शेतकरी माणूस हसतो. "अहो, आमचा आजा सारा जन्म उन्हात राबला. त्याला कुठं काय झालं?" असे म्हणून तो विषय तिथेच मिटवतो. उलट, शहरात शिकणारा एखादा मुलगा अर्धवट वाचून घरी येतो आणि साऱ्या घराला उगाच घाबरवून सोडतो.

आज्याचे उदाहरण खोटे नाही आणि मुलाने वाचलेलेही खोटे नाही. मात्र दोघांच्या बोलण्यातून जे सुटते, ते फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडे कातडीचा कॅन्सर होतो, पण तो पुष्कळदा उन्हाच्या जागी होत नाही. जिथे आपण पाहतच नाही, अशा जागी तो वर्षानुवर्षे गुपचूप वाढत राहतो. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

द्राक्षाच्या मळ्यात लागलेला शोध

उन्हाचा आणि या रोगाचा संबंध प्रथम कष्टकऱ्यांच्या अंगावरच दिसला. जर्मनीतील हँबर्ग बंदरात पॉल उन्ना नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. वर्षानुवर्षे गलबतावर उन्हावाऱ्यात काम करणाऱ्या खलाशांची कातडी जाड व खरखरीत होते आणि पुढे त्यावर कॅन्सर उठतो, असे त्यांनी १८९४ साली लिहून ठेवले. त्यानंतर फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टर द्युब्रय यांना हाच प्रकार द्राक्षमळ्यात काम करणाऱ्या शेतमजुरांत आढळला. मळ्यात राबणाऱ्यांच्या तोंडावर आणि हाताच्या पाठीवर खरबरीत खपल्या धरत. शहरात घरात बसून काम करणाऱ्यांत तसे फारसे दिसत नसे. १९२८ साली फिंडले या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत उंदरांवर अतिनील किरण सोडून कातडीचा कॅन्सर होतो हे दाखवून दिले. पुढे १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सूर्यकिरणांची गणना कॅन्सर करणाऱ्या कारणांत केली.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न फार मोठा आहे. तिथली बरीच वस्ती थंड मुलखातून गेलेल्या गोऱ्या लोकांची आहे आणि ऊन मात्र आपल्यासारखे कडक. तिथे वयाच्या सत्तरीपर्यंत तीन माणसांपैकी किमान दोघांना कातडीचा कोणता ना कोणता कॅन्सर निघतो. म्हणून १९८१ पासून तिथे सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा अशी मोहीम चालली आणि शेतकऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना ती पाठ झाली. जर्मनीत २०१५ पासून उन्हात काम केल्याने होणारा कातडीचा एक कॅन्सर धंद्यामुळे होणारा रोग म्हणून कायद्याने मानला जातो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ साली एकत्र हिशेब मांडला. २०१९ या एका वर्षात जगातील सुमारे १६० कोटी लोक उघड्यावर उन्हात काम करीत होते, आणि त्या वर्षी या कामामुळे झालेल्या कातडीच्या कॅन्सरने जवळपास १९ हजार माणसे दगावली, असे त्यात दिसून आले. मेलानोमा नावाचा काळा कॅन्सर या हिशेबात धरलेला नाही.

तापवणारे ऊन वेगळे, कातडी बिघडवणारे वेगळे

अंगाला चटका देणारी उष्णता आणि कातडी बिघडवणारे किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. म्हणूनच थंडीच्या दिवसांत गार वाऱ्यात काम करताना किंवा आभाळ पातळ असताना आपण फसतो. ऊन लागत नाही असे वाटते, पण किरण पोहोचत असतातच. ते कातडीतील पेशींच्या मुळाशी जाऊन तिथली घडण बिघडवतात. शरीर पुष्कळ बिघाड दुरुस्त करते. मात्र तीस-चाळीस वर्षे रोज भर पडत गेली, की एखादी पेशी हाताबाहेर जाते आणि वाटेल तशी वाढू लागते. तोच कॅन्सर.

किरण किती कडक आहेत ते पाहायला यंत्र लागत नाही. आपली सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर किरण सौम्य. सावली आखूड होऊन पायाशी आली, की ते सर्वांत कडक. उन्हाळ्यात साधारण अकरा ते तीन-साडेतीन ही ती वेळ होय. आपल्या राज्यात तर वर्षातून दोन दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्यातला पहिला दिवस कोल्हापूरकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याकडे मेच्या मध्यावर आणि नागपूरकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. नांगरट झालेली असते, खताच्या गाड्या चालू असतात, विहिरीची कामे निघालेली असतात. नेमक्या त्याच दिवसांत आपण सर्वांत जास्त वेळ उघड्यावर असतो.

सावळ्या कातडीची ढाल

मग आज्याला काही का झाले नाही? कारण निसर्गाने आपल्याला एक ढाल दिली आहे. कातडीला सावळा रंग देणारे एक द्रव्य असते, त्याला मेलॅनिन म्हणतात. हे द्रव्य पेशीच्या गाभ्यावर छत्रीसारखे पसरते आणि अतिनील किरण वरच्यावर शोषून घेते. उन्हात काम केल्यावर आपण काळवंडतो, ती या छत्रीची दाट होण्याची धडपडच असते. म्हणून गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे उन्हाने होणारा कातडीचा कॅन्सर फारच कमी आढळतो. उन्हाचा धसका घेऊन शेतात जायचेच बंद करावे, असे यात काही नाही. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्वही कातडी उन्हातूनच तयार करते.

पण ही ढाल सगळ्यांकडे सारखी नसते.

काही मुले जन्मतःच पांढऱ्या कातडीची असतात. केस पांढरे किंवा पिवळसर, डोळे घारे, उजेडात सारखी मिचकावणारी. आईबाप दोघेही सावळे असताना असे मूल जन्मले, की गावात नाना तऱ्हेचे बोलले जाते. यात आईचा काही दोष नाही आणि देवाचा कोपही नाही. आईकडून आणि बापाकडून एकेक दोष एकत्र आल्याने या मुलांच्या अंगात मेलॅनिन तयार होत नाही, एवढेच. अशा मुलाला ढाल मुळीच नसते. आफ्रिकेतील देशांत अशी पुष्कळ माणसे भर तारुण्यात कातडीच्या कॅन्सरने जातात. हे मूल आपल्या घरात, भावकीत किंवा सालगड्याच्या घरी असेल, तर त्याला भर उन्हात गुरे राखायला धाडू नये. अंगभर कपडे, रुंद काठाची टोपी, काळा चष्मा आणि डॉक्टरांनी सांगितलेले ऊनरोधक मलम यांची त्याला रोजच गरज आहे. त्याची नजरही बहुधा अधू असते, म्हणून शाळेत पुढच्या बाकावर बसवायला गुरुजींना सांगावे. हे मूल शिकले आणि सावलीतल्या धंद्याला लागले, तर इतरांसारखेच आयुष्य काढू शकते.

कोड आलेल्या जागीही रंग नसल्याने ती कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून ती झाकावी. मात्र कोड म्हणजे कॅन्सर नव्हे, महारोगही नव्हे, आणि ते शिवण्याने पसरत नाही.

खालचा ओठ ही तिसरी उघडी जागा. ओठावर मेलॅनिन कमी असते आणि ऊन थेट पडते. त्यात आपल्याकडे तंबाखू-चुन्याची गोळी त्याच ओठाच्या आत धरून ठेवायची सवय. वरून ऊन, आतून तंबाखू. ओठावर पांढरा चट्टा, भेग किंवा न भरणारी चिरी दिसली, तर तंबाखू त्याच दिवशी सोडावी आणि ओठ डॉक्टरांना दाखवावा.

जिथे ऊन पोहोचत नाही, तिथला धोका

आता मुख्य गोष्ट. गोऱ्या माणसाला हा रोग नाकावर, कानावर, मानेवर उठतो. आपल्याकडे तो पुष्कळदा जुन्या व्रणावर, पायाच्या तळव्यावर, कमरेच्या घट्ट्यावर म्हणजे झाकलेल्या जागी उठतो. कातडी एकाच जागी वर्षानुवर्षे भाजली, घासली किंवा चिघळली, की तिथल्या पेशी सतत नवी कातडी घडवण्याच्या खटपटीत असतात. त्या खटपटीत एखादी पेशी बिघडते.

चुलीवर, भट्टीवर भाजलेल्यांचे मोठे व्रण ही अशी पहिली जागा. लहानपणी भाजलेला पाय तीस-तीस वर्षे नीट राहतो आणि मग त्यावर एक फोड येऊन फुटतो, भरत नाही, काठ जाड होतात. काश्मीरमध्ये थंडीत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात. तिथे पोटावर आणि मांड्यांवर असाच कॅन्सर होतो.

कंबर ही दुसरी जागा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात काम केलेले आपले थोर विकृतितज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली एका सहकाऱ्यासह निबंध लिहून, लोकांच्या रोजच्या सवयींतून होणारे कॅन्सरचे तीन नवे प्रकार जगापुढे मांडले. त्यांतला एक धोतराचा कॅन्सर. धोतर रोज त्याच जागी घट्ट कसून बांधल्याने कमरेवर काळा घट्टा पडतो, घाम आणि धूळ साचून तिथे चिरी पडते आणि ती चिघळत राहते. तंबाखू-चुन्याने ओठाच्या आत होणारा कॅन्सरही याच निबंधात होता.

पुढे हाच रोग लुगडे आणि परकर नेसणाऱ्या बायकांतही दिसला. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधील डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन बायकांची हकीकत छापली. एक सत्तर वर्षांची. परकराच्या नाडीखालची तिची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी पासष्टी ओलांडलेली. ती परकर न घालता कमरेला घट्ट आवळून लुगडे नेसत असे. तिची जखम दोन वर्षांची होती आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता. दोन वर्षे ही जखम पदराआड राहिली. आपल्या घरची म्हातारी कमरेची जखम मुलाला दाखवणार नाही, डॉक्टरला तर नाहीच. म्हणून सुनेने, लेकीनेच विचारले पाहिजे : "आत्याबाई, अंघोळीला पाणी काढलंय. कंबर जरा दाखवा, काळं पडलंय का बघू." एवढे विचारले तरी पुरते.

तिसरी जागा पाऊल. अनवाणी चालून काटा-सड लागतो, जखम होते आणि चिघळते. मधुमेहाने किंवा महारोगाने पाय बधिर झाला असेल, तर दुखतही नाही. मेलानोमा हा सर्वांत वाईट कॅन्सर सावळ्या माणसांत बहुधा तळवा, तळहात किंवा नखाखाली निघतो. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो निघाला आणि १९८१ साली अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला. तो सावळ्या कातडीचा होता आणि त्या जागेवर ऊन पडत नव्हते.

ओळखावे कसे?

पुढील खुणा घरातील सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात :

१. महिनाभरात न भरलेली कोणतीही जखम, मग ती दुखो वा न दुखो.

२. भरते, पुन्हा फुटते, पुन्हा भरते अशी जागा. धक्का लागताच रक्त येणारी खपली.

३. जुन्या भाजल्याच्या व्रणावर आलेली नवी गाठ, फोड किंवा फुलकोबीसारखी वाढ.

४. तोंडावर, नाकाजवळ आलेली चकचकीत मोत्यासारखी किंवा काळसर गाठ, जिच्या मध्यभागी खड्डा पडतो.

५. तळवा, तळहात यांवर नवा काळा डाग, किंवा जुन्या तिळाचा आकार व रंग बदलणे.

६. एकाच नखात नवी उठलेली आणि रुंद होत जाणारी काळी रेघ.

यांपैकी काही दिसले म्हणजे कॅन्सरच, असे मुळीच नाही. बहुतेक वेळा दुसरेच काही साधे निघते. पण ते ठरवणे आपले काम नव्हे.

काय करू नये, काय करावे

न भरणाऱ्या जखमेवर बिब्बा घालू नये, चुना किंवा राख भरू नये, डाग देऊ नये. वाढलेली चामखीळ किंवा तीळ घोड्याच्या केसाने आवळून तोडू नये. याने वरचे गळून पडते आणि खालचे तसेच राहते. दुकानातून कुठलीही मलमाची नळी आणून महिनोन् महिने चोळत बसणे, हाही त्यातलाच प्रकार.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. वाट माहीत नसेल, तर गावच्या आशाताईंना विचारावे. डॉक्टरांना संशय आला, तर ते जागा बधिर करून लहानसा तुकडा काढतात आणि तपासणीला पाठवतात. "तुकडा काढला की रोग अंगभर पसरतो," असे पारावर सांगितले जाते. ते खरे नाही. रोग पसरतो तो तुकडा काढल्याने नव्हे, तर तो काढायला उशीर केल्याने. कातडीचा बहुतेक कॅन्सर लवकर सापडला, तर लहानशा शस्त्रक्रियेने मुळासकट जातो. उशीर झाला, तर बोट, पाय किंवा जीव गमवावा लागतो.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय सर्वांना माहीत आहे. पण तेवढ्या लांब जायलाच हवे असे नाही. बार्शी, मिरज, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही कॅन्सरची रुग्णालये आहेत. खर्चाच्या धास्तीने घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. शिधापत्रिका आणि आधारकार्ड बरोबर न्यावे.

रानातली काळजी

आपल्या जुन्या माणसांचा पोशाख उन्हासाठी चांगला होता. मुंडासे किंवा पटका डोके झाकतो आणि त्याची शेव मानेवर पडते. पांढरी टोपी डोके झाकते, पण कान, मान आणि नाक उघडेच ठेवते. टोपी घालणाऱ्याने मानेभोवती उपरणे किंवा पंचा घ्यावा. खुरपणीला, ऊसतोडणीला जाणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात आणि डोक्याला फडके बांधतात. ही रीत उत्तम आहे. कापड उजेडापुढे धरून पाहावे. आरपार उजेड दिसला, तर किरणही तसेच आत येतात. घट्ट विणीचे, सैल शिवलेले सुती कापड चांगले. घामाने भिजलेल्या पातळ कापडातून किरण जास्त जातात, म्हणून जमल्यास दुपारी कपडा बदलावा.

कमरेची नाडी बारीक दोरीची नसावी, रुंद पट्टीची असावी. रोज थोडी वर-खाली, सैलसर बांधावी. रात्री झोपताना गाठ ढिली करावी. कमरेची ती जागा रोज धुऊन कोरडी करावी.

उन्हाने डोळ्यांचेही नुकसान होते. ऊन, वारा आणि धूळ यांनी डोळ्यात वडस वाढतो, आणि मोतीबिंदूलाही ऊन हातभार लावते. रुंद काठाची टोपी किंवा साधा काळा चष्मा ही चैन नव्हे.

सावली आखूड झाली, की औत सोडावे. कोळपणी, फवारणी, वेचणी पहाटे आणि दिवस कलल्यावर करावी. जो आपल्याकडे रोजाने येतो, त्यालाही दुपारची सावली आणि प्यायचे पाणी मिळेल हे पाहणे मालकाचे काम आहे. उन्हात काम करणारा एकदम बडबडू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. त्यात तासाचीही दिरंगाई परवडत नाही.

बैलाकडे पाहतो, तसे

बैलाचे शिंग कलायला लागले, तो डोके झटकू लागला, की शेतकरी त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. शिंगाचा कॅन्सर त्याला ठाऊक असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतो आणि कुठे सूज आहे, कुठे घासले आहे, हे बोटाने चाचपून पाहतो. स्वतःच्या अंगाकडे मात्र तो असे कधी पाहत नाही आणि घरची बाई तर स्वतःकडे पाहायला शेवटी उरते.

पुष्कळ गावांत अमावास्येला औत धरत नाहीत. महिन्यातला तो एक दिवस मोकळा असतो. त्या दिवशी अंघोळीच्या वेळी घरातल्या प्रत्येकाने आपली कातडी पाहावी : ओठ, कंबर, जुने व्रण, तळवे, नखे. म्हाताऱ्यांचे तळपाय नातवंडांनी पाहावेत. मागच्या अमावास्येला पाहिलेली जखम या अमावास्येलाही तशीच उघडी दिसली, तर पुढच्या अमावास्येची वाट पाहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना गाठावा.